समुद्राच्या तळाचा शोध कशासाठी?

२२ जुलै २०१६ रोजी भारतीय हवाई दलाचे एक विमान चेन्नईजवळच्या तांबरम येथून पोर्ट ब्लेअरकडे निघाले. त्यात २९ माणसे होती. बंगालच्या उपसागरावर ते नाहीसे झाले. जहाजांनी आणि विमानांनी खूप शोध घेतला. पण हाती काहीच लागले नाही.

अशा वेळी काही लोक म्हणतात, "गेलेली माणसे परत येणार नाहीत. मग समुद्राच्या तळाशी शोध घेण्यावर पैसा कशाला खर्च करायचा?" मला हे म्हणणे पटत नाही.

खोल समुद्रात शोध घेणे अवघड आहे, हे खरे. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. रडारच्या लहरी पाण्यात लगेच विरून जातात. आवाज मात्र पाण्यातून दूरवर जातो; एका सेकंदात सुमारे १,५०० मीटर! म्हणून 'सोनार' हे यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडते. त्या तळावर आदळून परत येतात. त्यांना लागलेल्या वेळेवरून अंतर कळते आणि तळाचे चित्र तयार होते. तळ फार खोल असेल, तर जहाजावरून हे चित्र अंधूक दिसते. म्हणून सोनार आणि कॅमेरा बसवलेली, माणसाशिवाय चालणारी छोटी पाणबुडी तळाजवळ पाठवतात.

२००९ साली एअर फ्रान्सचे एक विमान अटलांटिक महासागरात कोसळले. २२८ माणसे मरण पावली. २०११ साली अशाच पाणबुड्यांनी त्याचे अवशेष शोधले आणि ब्लॅक बॉक्स वर काढता आले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फामुळे बंद पडल्या होत्या व वैमानिक गोंधळून गेले होते, हे त्यातून कळले. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात बदल झाले. म्हणजे हा खर्च पुढच्या प्रवाशांच्या कामी आला.

आपले विमानही अखेर सापडले. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या पाणबुडीने ३,४०० मीटर खोलीवर अवशेषांचे फोटो घेतले. ते त्याच प्रकारच्या विमानाचे निघाले. त्या भागात दुसरे विमान हरवल्याची नोंदच नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये ही बातमी जाहीर झाली. आपल्या माणसाचे काय झाले, हे कळायला २९ घरांना साडेसात वर्षे वाट पाहावी लागली.

इतकी वाट कोणालाही पाहावी लागू नये. अशा पाणबुड्या आपल्या किनाऱ्यांवर नेहमी तयार असाव्यात. त्या बनवणारे आणि चालवणारे हातही हवेत. विद्यार्थ्यांनो, ते हात तुमचे का नसावेत?