चाकावरचे कवच



गेल्या आषाढात सावंतवाडीहून परतताना आंबोलीच्या घाटात आमच्या पुतण्याला आपली थार अचानक थांबवावी लागली. गाडीत वहिनी आणि दोन मुले होती. बाहेर दहा पावलांपलीकडचे दिसू नये असे धुके होते. काही मिनिटांपासून जळक्या रबराचा वास येत होता आणि उजवीकडील पुढच्या चाकाकडून काहीतरी खरडल्याचा आवाजही येत होता. विजेरी घेऊन तो खाली उतरला. मडगार्डच्या कडेवर मोठ्या हौसेने बसवलेली रुंद पट्टी खालच्या टोकाकडून सुटून आत वळली होती आणि तिची फुटलेली धारदार कड टायरच्या बाजूवर घासत होती. टायर बोटाच्या पेराएवढा चिरला होता. पुतण्याने पट्टी ओढून काढली, स्टेपनी चढवली आणि सर्व जण उशिरा सुखरूप घरी पोहोचले. उतारावरच्या एखाद्या वळणावर तो टायर फुटला असता तर, हा विचार त्या रात्री घरात कोणी बोलून दाखवला नाही. पण झोपही कोणाला लागली नाही.

या सदरातून आपण घराला आणि पेढीला लागणाऱ्या वस्तूंची पारख करीत असतो. या महिन्याचा विषय त्या तुटक्या पट्टीनेच हाती दिला. आपल्या अनेक घरांतून आता थार, जिम्नी, गुरखा अशा आडवाटेच्या गाड्या आल्या आहेत. आमचा व्यवसाय काजूचा. मार्चपासून मेअखेरपर्यंत आजरा-चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर फेऱ्या असतात, आणि पावसाळ्यात वसुलीसाठी पुन्हा तीच वाट. तेव्हा अशी गाडी ही आमच्याकडे केवळ चैन नव्हे. मात्र तिच्या मडगार्डांचे रक्षण कसे करावे, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. दुकानदाराने जे चकचकीत दाखवले, ते पुतण्याने घेतले आणि आम्हीही बिलाची रक्कम तेवढी पाहिली.

मडगार्डला सोसावे काय लागते, ते आधी पाहू. फिरणारे चाक खडी आणि वाळू उचलून आतल्या बाजूवर सतत मारीत असते. बाहेरून करवंदीच्या जाळ्या, बांधाचे दगड आणि तोडलेल्या उसाची खोडकी ओरखडतात. त्यात वर्षातील आठ महिने ऊन, चार महिने चिखल आणि कोकणात उतरलो की खारी हवा. पण चाकाने उडवलेला दगड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जाऊ न देणे, हे मडगार्डचे पहिले कर्तव्य आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. रुंद टायर घालून तो मडगार्डच्या बाहेर डोकावू लागला, की हे कर्तव्य बुडालेच. आमच्या पुतण्याने नेमके हेच केले होते. कंपनीचे टायर काढून अधिक रुंद टायर आणि बाहेर झुकणारी रिमे घातली, म्हणून मग रुंद पट्ट्या लावणे भाग पडले. एका हौसेने दुसऱ्या खर्चाला आमंत्रण दिले.

जुन्या मंडळींना सपाट मडगार्डची जीप आठवत असेल. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीपची जुळणी आपल्या देशात सुरू केली आणि पुढे अनेक दशके त्या घराण्याच्या गाड्या येथेच घडत राहिल्या. त्या मडगार्डवर दोन माणसे बसून शेतापर्यंत जात असत. आमचे अण्णा आजही म्हणतात, "तेव्हाचा पत्रा जाड होता, म्हणून टिकला." अण्णांचा मान राखूनही मला वाटते, की जाडी हे अर्धेच कारण आहे. त्या मडगार्डला आत कोठे बंद पोकळी नव्हती. चिखल बसला तर तो डोळ्यांना दिसे आणि बादलीभर पाण्याने निघून जाई. गंज धरला तरी तो उघड्यावर असे आणि डेंटर हातोडीने ठोकून पत्रा पुन्हा सरळ करी. आजच्या गाडीचा पत्रा पातळ असला तरी त्यावरील संरक्षक थर अधिक चांगले आहेत. तिला धोका आहे तो झाकलेल्या जागेपासून, म्हणजे पट्टी आणि पत्रा यांमधील फटीपासून.

आता मालाकडे वळू. बाजारात या पट्ट्या अनेक वाणांत मिळतात. आमच्याकडची होती फायबरची, म्हणजे काचतंतू आणि राळ यांची. ती आकाराला सुबक असते आणि रंग उत्तम धरते. पण दगडाचा फटका बसला की वाकत नाही, तडकते, आणि तिची तुटलेली कड कशी असते ते आंबोलीत कळलेच. एबीएस हे प्लास्टिक ताठ आणि स्वस्त आहे, परंतु उन्हात काही वर्षे राहिले की फिके पडून ठिसूळ होते. त्याला वरून ऊन सोसणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकचा थर दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. पॉलियुरेथेनची पट्टी महाग असली तरी दाबल्यावर पुन्हा मूळ आकाराला येते. गाडी-कंपन्या स्वतः जे काळे, खरखरीत क्लॅडिंग लावतात, ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबराचा अंश मिसळून केलेले असते. दिसायला साधे, पण फांदी घासली तर ओरखडा फारसा दिसत नाही, दगड लागला तर ते आत दबून बाहेर येते, आणि त्यात मिसळलेली काजळी उन्हापासून त्याचे रक्षण करते. माझे मत विचाराल तर आडवाटेच्या गाडीला हाच वाण योग्य. चकाकी हवी असेल तर ती दारावर ठेवावी, चाकावर नको.

लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्याही मिळतात. खडकाळ जागी गाडी कडेने घासत नेण्याची ज्यांना आवड आहे, त्यांना त्या उपयोगी पडतील. मात्र लोखंडाची पट्टी आघात गिळत नाही, तो थेट पत्र्याकडे पोहोचवते. आणि ॲल्युमिनियमवर लोखंडी किंवा स्टीलचा बोल्ट आला, की खाऱ्या दमट हवेत दोन धातूंच्या सान्निध्याने ॲल्युमिनियम पांढरे पडून झिजू लागते. मध्ये नायलॉनची चकती न घालता असे जोडकाम स्वीकारू नये.

परीक्षा कशी करावी? हळदीचे पोते आपण वरून पाहून घेत नाही, बांबू घालून आतला नमुना काढतो. येथेही पट्टी उलटी करून पाठ पाहावी. चांगल्या उत्पादकाच्या प्लास्टिकच्या भागावर पाठीमागे वाणाची खूण ओतलेली असते. 'पीपी' आणि 'ईपीडीएम' अशी अक्षरे असतील तर ते पॉलिप्रॉपिलीन आणि रबर यांचे मिश्रण. पुढे 'टी' आणि वीसचा आकडा असेल तर त्यात वीस टक्के शंखजिऱ्याची पूड भरलेली आहे. 'एबीएस' असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असते. खूणच नसेल तर दुकानदाराकडे तुटका तुकडा मागून तो वाकवून पाहावा. घडीवर पांढरी रेघ उमटून तो कडकन मोडला, तर तो माल कितीही देखणा असला तरी परत ठेवावा. पाठीची जाडी सर्वत्र सारखी आहे का, बोल्टच्या जागी जादा जाडी दिली आहे का, हेही बोट फिरवून कळते.

मात्र उत्तम माल आणूनही बसवणी चुकली तर पैसे वाया गेले असे समजावे. आमची पट्टी काढल्यावर खाली जे दिसले, त्याने मला टायरपेक्षा अधिक वाईट वाटले. दोन चाकांवर मिळून दहा भोके पाडून सेल्फ टॅपिंग स्क्रू पिळले होते आणि प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढा तांबूस गंज पसरला होता. कारागिराने भोकाच्या कडेला रंगाचे बोटही लावले नव्हते. ज्या दुकानातून काम करून घेतले, तेथे चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, "शेठ, आत कोण बघतो?" त्या गृहस्थांशी वाद घातला नाही, आपणही आत पाहिले नव्हते, हे खरेच होते.

तेव्हा पहिला आग्रह असा धरावा, की गाडीला कंपनीने दिलेली जी भोके आणि क्लिपा आहेत, त्यांवरच बसणारी पट्टी घ्यावी. नवे भोक अटळ असेल तर त्याची कड घासून साफ करावी, जस्तयुक्त प्रायमर आणि रंग लावून तो पूर्ण वाळू द्यावा, आणि स्क्रूऐवजी रबरी वेष्टणातला नट वापरावा. तो भोक बंदही करतो आणि कंपनेही सोसतो. पट्टीची भोके गोल न ठेवता किंचित लांबट असावीत. एक मीटर लांबीची प्लास्टिकची पट्टी पौषातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत अडीच-तीन मिलिमीटर लांबते, लोखंडी पत्रा जेमतेम अर्धा. लांबायला वाव नसेल तर ती फुगते किंवा बोल्टजवळ तडकते. केवळ दुपदरी चिकटपट्टीवर विसंबणे तर मुळीच नको. पॉलिप्रॉपिलीनला चिकटपट्टी धड धरतच नाही, त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो. आणि धुण्याच्या पंपाचे जोरदार पाणी कडेवर पडले की धरलेलीही सुटते.

पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी बिडिंग असावे, पण खालचे टोक बंद करू नये. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. शिरोळ-मिरजेकडील काळी माती चाकाच्या कमानीत बसून वाळली, की विटेसारखी घट्ट होते आणि पुढच्या पावसात ओल धरून ठेवते. पट्टी सुटते तीही बहुधा या मातीच्या वजनानेच.

बसवणी झाल्यावर पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट स्वतः उभे राहून करून घ्यावी. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढचे चाक एखाद्या ओट्यावर चढवावे, म्हणजे ते कमानीत शक्य तेवढे वर जाईल. मग दुसऱ्या बाजूने तसेच. टायर आणि पट्टी यांमध्ये तेव्हाही दोन बोटे जागा राहिली पाहिजे. सपाट फरशीवर उभ्या गाडीकडे पाहून "बसले की" म्हणणारा कारागीर आपली फसवणूक करीत नसेल, पण घाटातला खड्डा त्याने पाहिलेला नसतो. मोठा टायर मावावा म्हणून कमानीतले प्लास्टिकचे अस्तर कापण्याची प्रथाही फार बोकाळली आहे. ते अस्तर नसेल तर खडी आणि चिखल थेट वायरींपर्यंत आणि दिव्यांच्या पाठीपर्यंत जातो. ते कापू देऊ नये.

रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म काट्याकुट्यांच्या ओरखड्यांपुरती चांगली. दगडापुढे तिचा निभाव लागत नाही. खालून फवारायचे रबरी लेपन नव्या गाडीला करावे. गंजावर लेपन म्हणजे ओलाव्याला आत कोंडणे होय.

कायद्याचेही थोडे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ स्पष्ट केला. पुढच्या बाजूच्या लोखंडी क्रॅशगार्डांवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले होते. म्हणून टायर-रिमांची मूळ मापे सोडू नयेत, आणि शक्यतो कंपनीच्याच अधिकृत यादीतील भाग घ्यावा. जे काही बसवाल त्याचे पक्के बिल घेऊन विमा कंपनीला कळवावे. पॉलिसीत न नोंदवलेल्या जोडवस्तूंची भरपाई मागताना अडचण येते.

पुतण्याने शेवटी कंपनीच्या मापाचे टायर आणि मूळचे काळे क्लॅडिंग परत चढवले. "काका, गाडी आता साधी दिसते," तो म्हणाला. मी म्हटले, "तू आजऱ्याला जाऊन ये, मग बोलू." दहा भोकांपैकी आठ डेंटरने घासून, बुजवून रंगवली आहेत. उरलेली दोन कमानीच्या आतल्या वळणावर आहेत, तेथे हत्यार नीट पोहोचत नाही. त्यांना तूर्त प्रायमर लावून ठेवला आहे. दिवाळीनंतर क्लॅडिंग उतरवून गंज पुढे सरकला आहे का ते पाहायचे, असे त्याने पेढीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवले आहे.