हर्पिसची चाचणी आणि बाईचं चारित्र्य

लग्न ठरवताना पूर्वी पत्रिका मागत, आता काही घरांतून पत्रिकेबरोबर रक्ताचा रिपोर्टही मागतात. मागण्याला हरकत नाही. हरकत आहे ती एकाच बाजूने मागण्याला आणि न समजता वाचण्याला. त्यात रिपोर्टवर 'हर्पिस' हा शब्द दिसला की बाईचं काय होतं, हे समुपदेशनाचं काम करणाऱ्या आम्हा साऱ्याजणींना माहीत आहे.

नमुना म्हणून एकच सांगते. लागोपाठ दोन गर्भ पडले म्हणून डॉक्टरांनी सुनेला टॉर्च चाचणी लिहून दिली. हर्पिसपुढे 'पॉझिटिव्ह' आलं. सासूने ओळखीच्या कंपाउंडरला विचारलं, तो म्हणाला, "गुप्तरोग." झालं! आठवड्याच्या आत सून माहेरी. नवऱ्याचं रक्त तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. ती बिचारी आम्हाला विचारत होती, "ताई, हर्पिस म्हणजे नागीणच ना? ती तर मला कधी झालीच नाही." नागिणीचा विषाणू वेगळा, तो कांजिण्यांचा. एवढंसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्या कागदावर खरं काय होतं? हर्पिसचे विषाणू दोन प्रकारचे. तापानंतर ओठावर फोड उठतात, 'जर आला' म्हणतो आपण, तो बहुधा पहिल्या प्रकाराचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातल्या 50 वर्षांखालच्या सुमारे 380 कोटी माणसांच्या शरीरात तो आहे. म्हणजे तिघांतल्या जवळजवळ दोघांच्या! बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्यांच्या पाप्यांतून मिळतो. दुसरा प्रकार मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. 15 ते 49 वयाच्या सुमारे 52 कोटी लोकांना तो आहे. त्यांत बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त, कारण पुरुषाकडून बाईकडे तो अधिक सहज जातो. पहिला प्रकारही तोंडावाटे जननेंद्रियांपर्यंत पोचू शकतो.

रक्तचाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. लागण केव्हा झाली, कुणाकडून झाली, ओठावर की खाली, यातलं काहीही ती सांगत नाही. 'आयजीएम' वाढलं म्हणजे ताजी लागण, हा समज तर साफ चुकीचा. जुना विषाणू उसळला तरी ते वाढतं आणि कित्येकदा विनाकारणच पॉझिटिव्ह येतं. 'आयजीजी' त्यापेक्षा भरवशाचं, पण आकडा सीमारेषेजवळ असला तर तेही चुकतं, आणि लागणीनंतरचे पहिले काही आठवडे निगेटिव्हच येऊ शकतं. म्हणूनच लक्षणं नसलेल्यांची सरसकट हर्पिस चाचणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2016 मध्ये सांगितलं आणि 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. वारंवार गर्भपाताचं कारण शोधायला टॉर्च चाचणीचा उपयोग नाही, हे ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांनी दोन दशकांपूर्वीच म्हटलं आहे. आपल्याकडे ती अजून सर्रास लिहिली जाते. लिहिणाऱ्याला दोन मिनिटं लागतात, निस्तरायला बाईला आयुष्य लागतं.

मग चाचणी नकोच का? तसं नाही. फोड ताजे असताना त्यातला स्राव तपासणं हे सगळ्यांत खात्रीचं. नव्या जोडीदारांपैकी एकाला हर्पिस असल्याचं माहीत असेल, तर दुसऱ्याने विषाणूचा प्रकार सांगणारी आयजीजी चाचणी जरूर करावी. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी यांच्या चाचण्या तर दोघांनीही कराव्यात. मात्र 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून जो कागद दाखवतात, त्यात हर्पिस बहुधा तपासलेलाच नसतो. म्हणजे कागदाने भागत नाही, बोलावं लागतं.

बोलायचं काय, तेही स्पष्ट लिहिते. हा विषाणू कमरेजवळच्या नसांच्या मुळाशी आयुष्यभर दडून राहतो आणि फोड नसतानाही अधूनमधून कातडीवर येतो. पहिला फोड लागणीनंतर कित्येक वर्षांनी उठू शकतो, त्यामुळे आज फोड आला म्हणजे काल कुणी बाहेर गेलं होतं असं सिद्ध होत नाही, बाईच्या बाबतीतही नाही आणि पुरुषाच्याही. चणचण, मुंग्या, खाज सुरू झाली की फोड पूर्ण बरे होईपर्यंत संबंध थांबवावा. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, कारण तो झाकतो तेवढ्याच कातडीचं रक्षण करतो. बाधित जोडीदाराने व्हॅलासायक्लोव्हिर रोज घेतलं तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, हे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे.

पण 'आज नको' म्हणायचं कुणी? 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेनेही नवऱ्याच्या बळजबरीला बलात्कार मानलेलं नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाईला नव्याने लागण झाली तर बाळाच्या जिवाला धोका असतो. जुन्या लागणीत हा धोका बराच कमी. म्हणजे बाळाला जपायचं तर आधी नवऱ्याने तोंड उघडलं पाहिजे, आणि रिपोर्ट मात्र सुनेचा फडकतो!

कायदाही त्याच वळणाचा आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातून घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग 2019 मध्ये काढला, 'संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग' मात्र तसाच ठेवला. तिघांतल्या दोघांच्या अंगात असलेल्या विषाणूचा कागद त्या कलमाखाली कुणी पुढे केला, तर तो विषाणू पहिल्या प्रकाराचा की दुसऱ्या, हे आधी विचारा. नवऱ्याची चाचणी झाली का, तेही विचारा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे हे उपचार मोफत मिळतात. तिथे एकट्या बाईला पाठवू नका.