भांडवल मागण्याची विद्या

आपल्या वऱ्हाडांत कर्ज मागण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे; भांडवल मागण्याची विद्या मात्र थोड्यांसच अवगत आहे. या दोहोंतील भेद विद्यार्थ्यांनीं शाळेंत असतांनाच समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें. सावकार शेत गहाण ठेवून घेतो आणि पीक बुडालें तरी व्याज सोडीत नाहीं. भांडवल घालणारा भागीदार गहाण मागत नाहीं. तो उद्योगाचा हिस्सा घेतो, आणि उद्योग बुडाला तर त्याचाही पैसा बुडतो. म्हणूनच तो खोदखोदून विचारतो: माल कोण घेणार? खर्च किती? आणि हें काम तुम्हींच कां करावें?

याचा धडा आपल्या शेजारींच घडला आहे. जमशेटजी टाटा यांनीं १८७४ सालीं पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी स्थापून नागपुरास कापडाची गिरणी काढण्याचें योजिलें. गिरण्या मुंबईसच शोभतात, अशी तेव्हां समजूत होती. हें तर सोनें जमिनींत पुरणें, असें म्हणून तेथील एका सावकारानें पैसा नाकारला, अशी आख्यायिका आहे. पण जमशेटजींजवळ हिशेब होता: कापूस जवळ, कोळसा जवळ, आगगाडी दाराशीं. १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली व भागीदारांस उत्तम नफा झाला. त्यांच्या पश्चात, १९०७ सालीं, टाटांच्या पोलाद कंपनीस लंडनचे धनिक भांडवल देईनात; तें मुंबईंत सुमारें आठ हजार लोकांनीं तीन आठवड्यांत पुरें केलें. एम्प्रेस मिल आज बंद आहे. तिचा धडा मात्र जुना झालेला नाहीं.

आजच्या नवउद्योगांस, म्हणजे स्टार्टअपांस, भांडवल देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. २०१६ सालीं सरकारनेंही ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली. त्यांच्यापुढें जातांना कित्येक तरुणांची भिस्त फर्ड्या इंग्रजीवर व रंगीत चित्रांवर असते. आमच्या मतें ही भिस्त व्यर्थ होय. ज्यानें अकोल्याच्या बाजारांत उभें राहून दहा गिऱ्हाइकांस आपली वस्तु दाखविली, आणि जो तोट्याचा आकडा नफ्याइतकाच स्पष्ट सांगतो, त्याचें साधें बोलणेंही पटतें. एक मात्र ध्यानांत असावें. असा भागीदार अनेक उद्योगांत पैसा घालतो व त्यांतले पुष्कळ बुडतात. म्हणून जो तरेल तो अनेकपट वाढावा, अशी त्याची अपेक्षा असते. ज्यास गांवापुरतें दुकान चालवावयाचें आहे, त्यास बँक किंवा पतपेढीच बरी.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलानें वा मुलीनें एखादा बेत सांगितला कीं ‘आधीं नोकरी पाहा’ असें उत्तर घरोघर मिळतें. पैसा न दिला तरी चालेल. पण हिशेब अवश्य विचारावा, म्हणजे परक्यापुढें बोलण्याची तयारी घरींच होईल. मत्तयाच्या शुभवर्तमानांत धन्याचें द्रव्य जमिनींत पुरणाऱ्या सेवकाचा दृष्टांत आहे. त्यानें चोरी केली नव्हती. तो केवळ भ्याला होता. मुलांची बुद्धि हेंही आपणांकडे सोंपविलेलें द्रव्यच होय. आपल्या कापसाचे गठ्ठे परगांवीं जातात, आणि त्यांच्या मागोमाग मुलेंही जातात. तीं येथेंच राहून येथील कापसाचें सोनें करावींत अशी इच्छा असेल, तर त्यांचें धाडस आपण पुरून ठेवूं नये.