हरभरा बिचारा नाही

शेतीचा सल्ला देणारं ॲप उघडा. पानाचा फोटो काढा, अपलोड करा, काही सेकंदांत निदान हजर : घाटेअळी. खाली औषधाचं नाव, पंपाला किती मिली, आणि बरेचदा लगेच विकत घ्यायचं बटण. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे ते बटण तिथे का असतं हे मला समजतं. चिडायला होतं ते त्यामागच्या गृहीतकामुळे. पीक म्हणजे उभ्या उभ्या मार खाणारं गरीब बापडं काहीतरी, आणि पाठीवर पंप घेऊन आपण धावलो तरच ते वाचणार!

धाराशिव जिल्ह्यात, कळंब-वाशीपासून उमरग्यापर्यंत, हे गृहीतक खोटं असल्याचं शाळकरी पोरालाही जिभेनं माहीत असतं. हरभऱ्याचा कोवळा पाला तोंडात टाकला की आंबट लागतो. पहाटे पिकातून चाललं की पाय चिकट होतात, खरचटलेलं असेल तर झोंबतं. ही आंब. जुनी माणसं पिकावर फडकं पसरून दवासकट ती टिपायची, पिळून बाटलीत भरायची आणि पोटदुखीवर द्यायची. आजीचा औषधी नुस्खा म्हणून आपण तिचं कौतुक करतो आणि विषय संपवतो. पण हरभरा ती आपल्या पोटासाठी बनवत नाही.

पानांवर, देठांवर, घाट्यांवर बारीक केस असतात. त्यांच्या टोकाच्या ग्रंथींतून मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते, हे नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. सगळ्या वाणांत ते सारखं नसतं. हैदराबादजवळ पतनचेरूला १९७२ साली सुरू झालेल्या इक्रिसॅटमध्ये हरभऱ्याचे हजारो नमुने जपलेत. त्यातला ‘आयसीसी ५०६’ अळीला तुलनेनं कमी बळी पडतो म्हणून संशोधकांना चांगला ठाऊक आहे. दुकानात मात्र आपण विचारतो उतारा किती, मर रोगाला टिकतं का. आंब किती, हे कोणी विचारत नाही आणि पिशवीवरही ते छापलेलं नसतं. विकणाऱ्याला त्याचं दुःख असण्याचं कारण नाही. जे झाड स्वतः बनवतं त्याचं बिल फाडता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले असतील. ‘झाडं बोलतात, झाडं रडतात, निसर्गाला सगळं कळतं’ असल्या रील्सवाले. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. हरभऱ्याला तुमचं काहीही पडलेलं नाही. ट्रायकोकार्ड ऐकलं असेल : पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या इवल्याशा गांधीलमाश्यांचं कार्ड. इतर पिकांत उपयोगी पडणारी ही माशी हरभऱ्यावर जवळपास निकामी ठरते, कारण तेच आंबट, चिकट केस तिलाही फिरू देत नाहीत. घाटेअळीला रोग पाडणारा एचएएनपीव्ही हा विषाणूही आपण जैविक उपाय म्हणून फवारतो. हरभऱ्याच्या पानावरची आयसोफ्लॅव्होनॉइड्स त्या विषाणूचा जोर कमी करतात, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे ‘जैविक’ असं लेबल लावलं म्हणून पीक ते आपलं मानत नाही. प्रत्येक पिकाची रसायनं वेगळी, म्हणून प्रत्येक पिकाचा हिशोबही वेगळा. सगळ्यावर एकच उतारा सांगणारा, मग तो डब्यातला असो की मडक्यातला, मला सारखाच संशयास्पद वाटतो.

या आंबटपणातही टिकणारी एक गांधीलमाशी आहे, कॅम्पोलेटिस. ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला पोखरून बाहेर येतं आणि जवळच करड्या-पांढऱ्या रंगाचा कोश विणतं. अशा माश्यांना अळी सापडते कशी? १९९० साली टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी मक्यावर दाखवलं की अळीनं कुरतडलेलं रोप ठरावीक वास सोडतं आणि त्या वासावर गांधीलमाशी येते. नुसत्या कात्रीनं कापलं तर तेवढा वास सुटत नाही. अळीची लाळ लागावी लागते. हा अलार्म वाजल्यावर जी मदत येते, तिच्यावरच आपण ‘पहिली फवारणी’ म्हणून, अळ्या न मोजता, तारीख पाहून औषध मारतो. मदतीला आलेले मरतात. अळी मात्र औषधाला सरावते : १९८७ साली आंध्रातल्या कापसावर पायरेथ्रॉइड औषधं तिच्यापुढे निष्प्रभ झाली, तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत आहे.

जमिनीखालीही असंच चाललेलं असतं. हरभऱ्याची मुळं फ्लॅव्होनॉइड्स सोडून रायझोबियम जिवाणूंना बोलावतात. जिवाणू उलट संकेत देतो, तो जुळला तरच मुळावर गाठ धरते. आमच्या भाषेत पासवर्ड दोन्हीकडून तपासला जातो. म्हणून खरिपातलं सोयाबीनचं उरलेलं जिवाणू खत हरभऱ्याच्या बियाण्याला चोळून काही होत नाही. तो जिवाणूच वेगळा. आणि युरिया सढळ हातानं टाकला की झाड गाठी धरणं कमी करतं. आयतं मिळत असताना ते साखर खर्चून जिवाणू कशाला पोसेल? आपण पैसे देऊन हवेतला फुकटचा नत्र बंद करतो आणि त्याला खत व्यवस्थापन म्हणतो.

फवारूच नका, असं मी म्हणत नाही. कोरडवाहू रानात घाटे पोखरले गेले तर वर्षाचा हिशोब बुडतो आणि तो पुण्यात बसून उपदेश करणाऱ्याचा बुडत नाही, हे मला कळतं. पण कृषी विद्यापीठांची जुनी शिफारस आहे : मीटरभर ओळीत एक ते दोन अळ्या दिसल्या तर उपाय करा. ही अट ॲपमध्ये घालायला दोन ओळींचा कोड लागतो. पुण्या-बंगळुरात बसून असली ॲप बनवणाऱ्यांत आमच्या जिल्ह्यातली पोरंही असतील. त्यांनी आधी एवढं विचारावं : ओळीत अळ्या किती मोजल्या? पानाखाली करडे कोश दिसतायत का? पाऊस पडून आंब धुऊन गेली का? उत्तरं आली की मग खुशाल दाखवा ते बटण.