तळ्यावरचा आळ

मुंबईत हिवतापाची साथ आली की पहिला संशय तळ्याडबक्यांवर जातो. साचलेले पाणी म्हणजे रोगराई, हे समीकरण आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे.

धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे आपण भायखळ्याहून बसने जाताना रोज ऐकतो. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि पुढे हे तलाव बुजले. नावे तेवढी उरली. पण तलाव गेले म्हणून डास गेले का? १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी केली, तेव्हा रोग पसरवणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफेन्सी डासाचे मूळ त्यांना सापडले ते मुख्यतः वस्तीतल्या विहिरींत आणि टाक्यांत!

याचे कारण पाण्याच्या पोटात आहे. जिवंत तळ्यात डासाची अळी एकटी नसते. तिथे मासे असतात, पाणकिडे असतात आणि चतुराची अळीही असते. या अळीचा दुमडलेला खालचा ओठ हातासारखा झटकन पुढे येतो आणि भक्ष्य पकडतो. पण चतुराच्या अळीला वाढायला बहुधा कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. डासाची अळी मात्र आपल्या उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पंख फुटून उडून जाते. म्हणून पिंपात, टायरात, कुंडीखालच्या ताटलीत डासाला वैरीच भेटत नाही. तळ्यात सांडपाणी सोडले तरी तेच घडते. पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. क्युलेक्स डासाची अळी मात्र शेपटाकडची नळी पृष्ठभागावर लावून वरची हवा घेते आणि सुखाने वाढते.

तेव्हा दोष पाण्याचा नाही, ते निर्जीव करणाऱ्या आपला आहे. साठवणीचे पाणी झाकावे, यात दुमत नाही. पण चाळीत नळ ठराविक वेळीच येतो, म्हणून पिंप भरावे लागते. ते भरणाऱ्या गृहिणीला दंड करण्याआधी तिला पुरेसे पाणी मिळते का, हेही विचारायला हवे. आणि जे तळे अजून श्वास घेते आहे, ते बुजवण्याऐवजी त्यात येणारे गटार बंद करावे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटेल. पण मुंबईच्या विहिरींवर झाकणे बसू लागली तेव्हा अनेकांनी धर्मश्रद्धेपोटी विरोध केला, आणि रुस्तम मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुती गोळा करून १९१८ मध्ये त्यांवर पुस्तकच लिहिले. पाण्याचा प्रश्न प्रयोगशाळेत सुरू होत असेल, पण तो सुटतो माणसांच्या मनात. तिथे काम करणे हेच तर आपले शिक्षण आहे!