आजीऐवजी सून चालेल का?

माझ्या पटकथेच्या पहिल्या खर्ड्यावर पत्ता आहे 'अहमदनगर', सहाव्यावर 'अहिल्यानगर'. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, आमच्या शाळेतले दोन मुख्याध्यापक निवृत्त झाले. पटकथा मात्र रेक्झिनच्या त्याच पिशवीत आहे. पिशवीची चेन तेवढी दोनदा बदलून घेतली.

गोष्ट पाथर्डी तालुक्यातली. दसरा झाला की गावातले कोयते निघतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारं जोडपं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कधीच घेतलेली असते आणि बहुतेक खर्चूनही झालेली असते. ट्रकमध्ये भांडी, पत्रे, कोंबड्या, तान्ही पोरं चढतात आणि मागे म्हातारी माणसं व शाळकरी मुलं उरतात. माझ्या गोष्टीत अशी एक आजी आहे, तिच्याकडे तीन नातवंडं आहेत आणि दिवाळी आठ दिवसांवर आली आहे. बस, एवढंच.

ही गोष्ट घेऊन मी मुंबईला गेलो. चित्रपटाच्या धंद्यात पटकथा फारसं कोणी वाचत नाही, ती ऐकवावी लागते. त्याला 'नरेशन' म्हणतात. कादंबरीकाराला हस्तलिखित पाठवून घरी बसता येतं. पटकथाकाराला कीर्तनकारासारखं उभं राहून आजी, नातू, मुकादम आणि मागचा पाऊसही स्वतःच व्हावं लागतं. वर्गात चाळीस पोरांना चाळीस वर्षं जुनी कविता शिकवण्याचा अनुभव इथे कामी येईल, असा माझा समज होता. निर्मात्यानं वीस मिनिटं ऐकलं, त्यात तीनदा फोन घेतला आणि फार सभ्यपणे विचारलं, "सर, आजीऐवजी सून चालेल का? म्हणजे एखादं गाणं बसेल."

परतीच्या वाटेवर माळशेज घाट येईपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात नको नको ते बोलून घेतलं. घाटात गाडी थांबली, चहा झाला आणि मग लक्षात आलं, की सुनेबद्दल तो चुकला असेल, पण कंटाळण्यात त्याची चूक नव्हती. माझी आजी अकरा पानं बोलत होती. साधारण एका पानाचं पडद्यावर एक मिनिट धरतात. अकरा मिनिटं कोणाची आजी ऐकून घेईल? आपली सख्खी असली तरी नाही.

मराठीच्या शिक्षकाला ही खोड असतेच. 'आजीच्या मनात कालवाकालव झाली' असं लिहून मी मोकळा होतो. कॅमेरामन विचारणार, कालवाकालव कुठे लावू आणि लाइट कुठून मारू? पटकथेत मन लिहिता येत नाही, माणूस काय करतो ते लिहावं लागतं. शेवटी ती अकरा पानं एका फोनवर आली. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर रेंज येते. सुनेचा फोन येतो. आजी 'कशी आहेस' विचारत नाही, 'दिवाळीला याल का' तर नाहीच नाही. ती विचारते, "ऊस उभा हाय का पडल्याला?" पडलेला ऊस तोडायला कंबरडं मोडतं, हे पाथर्डीत शेंबड्या पोरालाही माहीत. हे एक वाक्य सापडायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेही माझं नाही. एका म्हातारीला फोनवर तसं विचारताना मी ऐकलं होतं.

'फँड्री'तला राष्ट्रगीताचा प्रसंग आठवून पाहा. डुक्कर पकडायला कचरू माने आणि त्याचं सगळं घर धावतंय, शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी थिजतात. थांबत नाही ते एक डुक्कर. कागदावर हे चार ओळींत संपत असेल, आणि त्यात संवाद नाही. त्या चार ओळींत जात, शाळा, देश, पोराची लाज सगळं येतं. मी तो प्रसंग वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो. व्याकरणाच्या तासाला मुलं इतकी शांत नसतात.

'फँड्री'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे मूळचे शेजारच्या करमाळा तालुक्यातले, पण सिनेमाची अक्षरं त्यांनी गिरवली ती नगरला, न्यू आर्ट्स कॉलेजच्या संज्ञापन विभागात. 'पिस्तुल्या' हा 2009 चा लघुपट तिथल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झाला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारधी पोराची ती छोटीशी गोष्ट पुढे राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आली. माझ्या लेखी या हकिगतीत महत्त्वाचा शब्द 'अभ्यासक्रम' हा आहे. गुणांसाठी का होईना, फिल्म पूर्ण करूनच द्यायची होती. कोणा निर्मात्यापुढे आजीची सून करावी लागली नाही.

त्याच विभागातले भाऊराव कऱ्हाडे. त्यांचा 'ख्वाडा' माझ्या मनात वेगळ्या कारणानं रुतून बसला आहे. वनखात्याकडे गेलेल्या जमिनीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा धनगर म्हातारा, त्याचं मेंढरांमागे फिरणारं बिऱ्हाड आणि कुस्तीचा व लग्नाचा ध्यास घेतलेला धाकटा मुलगा, असा तो चित्रपट. जमिनीसाठी झुरणाऱ्या माणसाची गोष्ट पडद्यावर आणायला लेखक-दिग्दर्शकाला स्वतःची शेतजमीन विकावी लागली! मार्च 2015 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात 'ख्वाडा'ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार होता. तरीही चित्रपट थेटरात यायला ऑक्टोबर उजाडला.

जमीन विकल्याचं सत्कारसमारंभात फार कौतुक होतं. टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या आवडत नाहीत. जमीन विकणं ही चित्रपट करण्याची रीत ठरली, तर ज्यांच्याकडे विकायला काही नाही त्यांनी गोष्टी सांगायच्याच नाहीत का? माझी आजी नेमकी त्यांच्यातली आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं, हे चांगलंच आहे. पण ते चित्रपट तयार झाल्यावर. म्हणजे विहीर खणून पाणी लागल्यावर खणायचे पैसे.

हा विषय मी घरी बायकोकडेही काढून पाहिला.

"आपली पारनेरची जमीन किती गं?"

"दोन एकर. त्यातला एक खडक."

"मग अर्धा सिनेमा तरी होईल."

"इंटरव्हलपर्यंतचा करा," ती म्हणाली, "पुढचं लोकांना तोंडी सांगा. नाहीतरी सवय आहेच तुम्हाला."

पटकथेची नोंदणी मात्र मी करून ठेवली आहे. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ती घरबसल्या होते, आणि पाथर्डी-शेवगावकडच्या नव्या लेखकांना मी तेवढा एकच सल्ला छातीठोकपणे देतो: ऐकवण्याआधी नोंदवा. नुसत्या कल्पनेवर कायद्यानं कोणाचा हक्क नसतो, ती तुम्ही ज्या शब्दांत, ज्या प्रसंगांत मांडली त्यावर असतो. 'ऊसतोडीवर सिनेमा' ही कल्पना कोणाचीही असू शकते; देवळाच्या पायरीवरचा फोन माझा. (खरं तर त्या म्हातारीचा. तिला कोणती असोसिएशन आहे?)

लिहून, विकून, चित्रित करूनही गाडी शेवटच्या फाटकाला अडकतेच. कऱ्हाडेंचाच 'टीडीएम' 28 एप्रिल 2023 ला लागला. तोवर 'ख्वाडा' आणि 'बबन' गाजून गेले होते, म्हणजे माणूस नवखा नव्हता. तरी धड वेळेचे खेळ मिळेनात. दिग्दर्शक आणि कलाकार प्रेक्षकांसमोर रडले, चित्रपट काढून घेतला आणि 9 जूनला पुन्हा लावावा लागला. आपल्याकडे तो बघायचा राहून गेलेले किती जण निघतील? मीही त्यातलाच. पहिल्या आठवड्यात दहावीचे पेपर तपासणं नव्हतं, पाहुणे नव्हते, काही नव्हतं. 'बघू पुढच्या आठवड्यात' एवढंच होतं. पुढच्या आठवड्यात सकाळी नऊचा एक खेळ उरलेला असतो, त्याला दहा माणसं येतात, आणि मग थेटरवाला ती दहा डोकी मोजून सांगतो, की मराठीला प्रेक्षक नाही.

सहाव्या खर्ड्यात आजीची एकूण वाक्यं चौदा उरली आहेत. सून अजून ट्रकमध्येच आहे, आणि गाणं काही बसलेलं नाही. चित्रपट होईल तेव्हा होईल. तोवर तुम्हाला एवढंच सांगणं: कुठल्याही गावच्या पोरानं केलेला मराठी चित्रपट जवळच्या थेटरात लागला, तर तो पहिल्या शुक्रवारी, फार तर शनिवारी बघा. सोमवारी त्याची वेळ बदललेली असते.