डॉल्बी : लोगो आला, आवाज आलाच नाही

डॉल्बी म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं?

ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, थरथरणारी खिडक्यांची तावदानं आणि कानात बोटं घालून दारात उभी असलेली एखादी म्हातारी. स्पीकरच्या त्या भिंतीला आपल्या अमरावती-अकोल्यात डीजे म्हणतात, कोल्हापूर-साताऱ्याकडे सरळ डॉल्बी. तिकडे पोलिसांनी मोहीम काढली तिचं नावसुद्धा ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’.

आता हे ऐका. डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी. अमेरिकन इंजिनिअर. १९६३ ते १९६५ हा माणूस संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून आपल्याच देशात, चंदीगडला होता. इथून गेला आणि १९६५ मध्ये लंडनला स्वतःची कंपनी काढली. कंपनीचं पहिलं काम काय, तर टेपवर गाण्याच्या मागे जी बारीक ‘सूं...’ अशी खरखर यायची, ती कमी करणं.

म्हणजे ज्यानं गोंगाट कमी केला, त्याचंच नाव आपण गोंगाटाला दिलं. हे झालं कसं? माझं मत विचाराल तर, त्याचा लोगो आपल्या घरात आला, पण त्यानं तयार केलेला आवाज काही आला नाही.

आमच्या पिढीनं हा लोगो पहिल्यांदा पाहिला तो टेपरेकॉर्डरवर. एकमेकांकडे तोंड करून उभे दोन इंग्रजी ‘डी’ आणि खाली एक बटण. घरगुती टेपसाठीची ही सोय १९६८ पासूनची. ते बटण दाबलं की आवाज थोडा दबायचा, म्हणून घरात ते कोणी दाबायचंच नाही. ‘आवाज कमी होते ना बे!’ बटण खरखर कमी करायसाठी आहे, हे दुकानदारानंही कधी सांगितलं नाही.

मग तो टॉकीजच्या पडद्यावर आला. हिंदीत डॉल्बी स्टीरिओची सुरुवात ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’पासून, म्हणजे १९९४ ची. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आलं होतं. अमरावती हे तर सी. पी. बेरार सर्किटचं वितरणाचं गाव. प्रिंटच्या पेट्या इथून वऱ्हाडभर जायच्या. राजकमल, चित्रा, श्याम ही आपल्या चौकांची नावंच टॉकीजवरून पडलेली.

आता यातली मेख समजून घ्या. डॉल्बी डिजिटलचा आवाज फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या जागेत बारीक ठिपक्यांच्या चौकटीत छापलेला असायचा. डीटीएसचा आवाज तर फिल्मवर नसायचाच. फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा, आणि आवाज वेगळ्या सीडीवर. हे वाचणारं यंत्र टॉकीजमध्ये असलं तर सहा दिशांचा आवाज मिळायचा. नसलं, तर त्याच प्रिंटवरचा जुन्या पद्धतीचा ट्रॅक वाजायचा. चित्र मात्र दोन्हीकडे तेच. म्हणजे यंत्र असो नसो, पडद्यावर लोगो झळकणारच आणि शिट्ट्या पडणारच. लोगो चित्रात होता, आवाज यंत्रात होता.

खरी गंमत घरी झाली. कॉलेजच्या दिवसांत आम्ही चौकातल्या लायब्ररीतून व्हीसीडी आणायचो. एका पिक्चरच्या दोन, कधी तीन चकत्या, कारण एका चकतीत साधारण ७४ मिनिटंच बसायची. लायब्ररीवाला छातीठोकपणे सांगायचा, ‘भाऊ, डॉल्बीवाली हाये, कडक आवाज!’ घरी लावली की आधी अंधार, मग लोगो, आणि एक आवाज डावीकडून उजवीकडे सरकत जायचा. सरकायला पाहिजे होता, म्हणजे. आमच्या टीव्हीला स्पीकर एकच. तो बिचारा कुठे सरकणार?

आणि व्हीसीडीत मुळात दोनच बाजूंचा आवाज बसतो. सहा वेगवेगळे आवाज ठेवायला तिच्यात जागाच नाही. लोगो फक्त मूळ पिक्चरसोबत चित्र म्हणून उतरून आला होता. पायरेटेड कॉपीवर तर तोही तिरपा, समोरच्या प्रेक्षकाच्या डोक्यासकट!

पुढे डीव्हीडी आली. तिच्यात डॉल्बी डिजिटल खरंच असायचं. मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा कव्हरवरचे लोगो घरोघरी पोचले. पण डीव्हीडी खरी असली तरी घरातली वायर टीव्हीच्या त्या एकाच स्पीकरला जोडलेली. कोणी हौसेनं ‘५.१’चा सेट घेतला, तर पाचही स्पीकर शोकेसमध्ये टीव्हीशेजारी एका ओळीत! मागचे दोन मागे ठेवायचे असतात, हे सांगणारं कोणी नव्हतं. बेस पाहिजे म्हणून माठात स्पीकर ठेवणारे आम्हीच.

मी हे हसायसाठी लिहीत नाही. साधन नव्हतं, पैसा नव्हता, पण हौस दांडगी होती. त्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. पण त्यातून एक सवय लागली. चांगल्या आवाजात काय काय असतं? दिशा असते, शांतता असते, पानांची सळसळ असते, दूरची पावलं असतात. एका फाटक्या स्पीकरमधून यातलं काहीच येत नाही. येते फक्त धडधड. मग आपण तिलाच डॉल्बी समजलो. चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज, हे आपल्या कानांना शिकवलं गेलं ते असं.

त्याची किंमत आज लग्नाच्या वरातीपासून गणपती, कावड, जयंती, सगळीकडे आपण मोजून राहिलो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकारनं ठरवलेल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट. आणि १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ताकद दहापट होते. मिरवणुकीच्या दिवशी हृदयाचा पेशंट असलेल्या घरात बसून पाहा, मग कळते.

डीजेवाल्या पोट्ट्यांना एकट्याला दोष देऊ नका. कर्ज काढून सेट घेतला आहे त्यांनी, आणि गिऱ्हाईकच म्हणतं, ‘आवाज वाढव बे.’ ते गिऱ्हाईक म्हणजे आपण.

परवा भाच्यानं नवा मोबाईल दाखवला. ‘मामा, याच्यात डॉल्बी ॲटमॉस हाये!’ ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनसुद्धा आवाज यावा अशी व्यवस्था, २०१२ साली टॉकीजसाठी आलेली. मोबाईलला स्पीकर दोन, बोटाच्या पेरापेक्षा लहान. मी म्हटलं, ‘हेडफोन लाव, डोळे मिट आणि सांग, पाऊस कुठून येऊन राहिला?’ त्यानं लावले. मिनिटभर गप्प बसला. मग म्हणाला, ‘मामा, आवाज कमी केल्यावरच चांगलं समजते.’

पोट्टं एका मिनिटात शिकलं. आपल्याला तीस वर्षं लागली.

तर दोन साध्या गोष्टी करा. पुढच्या वेळी टॉकीजमध्ये पडद्यावर लोगो आला की मागच्या आणि बाजूच्या भिंतींवरचे स्पीकर वाजतात का, ते कान देऊन पाहा. बंद असतील तर मध्यंतरात मॅनेजरला सांगा. तिकिटाचे पैसे आपण पूर्ण दिलेले असतात. आणि मंडळाच्या मीटिंगमध्ये डीजेचं बजेट निघेल तेव्हा एकानं तरी उठून विचारा, ‘आवाज किती डेसिबल राहील?’ पहिल्या वर्षी हसतील. विचारा.

तुमच्या मंडळात हा प्रश्न कोणी विचारला आहे का? काय उत्तर मिळालं, ते खाली लिहा.